मार्क किती, तेवढं सांगा की

...न्हाय, मी काय वावगं विचारलं, ते तुमीच सांगा पावणं. पोरगी सातवीला हाय, सहामाही संपली, शाळेनं औंदा नव्या पद्धतीचं कार्ड दिलं, मी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, आणि मग एवढंच विचारलं, की मार्क किती? तर तिच्या वर्गशिक्षिका, क्रांती मॅडम त्यांचं नाव, हसून म्हणत्यात, "आता मार्क नसतात, टप्पे असतात. बी, रोप आणि झाड." म्हंजे मी पोरगी शाळेत घातली का रोपवाटिकेत?

तुमाला सांगतो, मी मल्लेश. हुपरीला घरातच आमचं चांदीचं काम हाय, पैंजण करतो आमी. वडील तेच करायचे, त्यांचे वडील तेच करायचे. आमच्यात कसं असतंय, चांदी दारात आली की पयला प्रश्न, कस किती? शंभरात खरी चांदी किती? सत्तर म्हटलं की सत्तर, विषय मिटला, चहा घ्या. चांदी गटात मिळून राहती का, चांदी आपल्या भावना मोकळ्या करती का, हे आजवर एकाबी गिऱ्हाइकानं मला विचारल्यालं न्हाय. आणि हितं कार्डावर बगा... 'गटात मिळून काम करणे, रोप.' बरं. 'प्रश्न विचारणे, झाड.' ते तर मला घरात रोज दिसतंयच. आणि गणित? गणितासमोर काय, तर 'बी'! आता बी म्हंजे किती वो? पस्तीसच्या वर का खाली? पेरलंय का अजून पोत्यातच हाय? मार्क किती, तेवढं सांगा की!

आता तुमी म्हणशीला, ह्या माणसाला एवढी घाई कसली? घाई हाय पावणं. आमच्या शेजारी गणपतराव राहत्यात, त्यांचा आदर्श एका निवासी अकॅडमीत हाय, पन्हाळ्याच्या वाटंवर. दर रविवारी गणपतरावांच्या मोबाईलवर मार्क येत्यात, आणि मोबाईल वाजला की हा माणूस ब्रश तोंडात तसाच ठेवून गल्लीत येतो, फेस उडवत सांगतो, शहाण्णव! मी काय सांगू त्याला? माझ्या पोरीचं रोप झालंय? एक रविवार ऐकलं, दोन ऐकलं, तिसऱ्या रविवारी मी ठरीवलं, दिवाळीनंतर आमच्या रक्षितालाबी तिथंच टाकायची, आणि सीट धरून ठेवा म्हणून फोनबी केला. तिथं कसं, दर आठवड्याला परीक्षा, फळ्यावर नंबर, पयला कोण, शेवटचा कोण, एकदम स्वच्छ कारभार. घरात जेवताना सांगितलं. पोरगी गप बसली, आणि ही पोरगी गप बसती म्हंजे काय, हे मला कळायला पायजे हुतं, पण मला वाटलं पटलं तिला. आमची सुष्मिता, म्हंजे मंडळी, तिनं भाकरी वाढता वाढता म्हटलं, आवं तिला विचारा तरी. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? मी बाप हाय का पत्रकार?

बरं, त्या कार्डासंगट आणिक एक कागद आलता. वर लिवल्यालं, 'पालकांनी भरावे.' म्हंजे परीक्षा पोरीची आणि पेपर मला! पयला प्रश्न, आपला पाल्य कशात रमतो? मी पेन घेऊन बसलो. दुसरा प्रश्न, आपला पाल्य कशाला घाबरतो? म्हटलं, हे येतंय, पालीला. तर खालीच लिवलंय, पाल आणि झुरळ सोडून! त्या मॅडम घरात येऊन बसल्यात का काय माझ्या? तिसरा प्रश्न, गेल्या महिन्यात पाल्याने आपल्याला विचारलेला एक प्रश्न लिहा. आता ही पोरगी दिवसाला शंभर प्रश्न विचारती, आणि मी शंभरदा म्हणतो, थांब की, हातात काम हाय. एक आठवंना पावणं. खरं सांगतो, एकबी आठवंना.

मग केलं काय... आता हसू नगासा. मला जसं येतं तसं भरलं. आमच्याकडं चांदीचा माल आला की आमी चिठ्ठी करतो, वजन, कस, घट, शेरा. घट म्हंजे आटवताना किती कमी भरलं ते. तर मी त्या कागदावर झकास अक्षरात लिवलं. 'नाव रक्षिता. वजन बत्तीस किलो. कस चौसष्ट. घट, बोलण्यात फार. शेरा, आटवून परत घडवावी लागंल.' आणि खाली दुकानाचा शिक्का मारला. शिक्क्याबिगर कागदाला किंमत न्हाय, ही आमची शिकवण. सुष्मितानं बगितलं तवर पोरगी कागद घेऊन शाळेच्या गाडीत बसून कोल्हापूरच्या वाटंला लागली हुती.

तिसऱ्या दिवशी शाळेतनं बोलावणं. शनिवारी दोघांनी या. गेलो. माणसं कामाला लावून गेलो, इस्तरीचा शर्ट घालून गेलो. वर्गात मला पोरांच्या बाकावर बसीवलं, गुडघं कानाला लागलं, आणि मी तसाच म्हटलं, मॅडम, बाकी जाऊ दे, मार्क किती, तेवढं सांगा की. तर मॅडम म्हणत्यात, आज मी सांगणारच न्हाय, आमच्याकडं आपलं कार्ड पोरंच आईवडिलांना समजावून सांगत्यात, आज रक्षिता बोलंल आणि आपण ऐकायचं. आपण म्हंजे कोण, ते मला बगूनच म्हटल्या.

आणि पोरगी उभी राहिली. एवढीशी. दोन वेण्या. हातात गणिताची वही. आणि मला म्हणती, "अप्पा, हे माझं चुकल्यालं गणित."

आता तुमी मला सांगा, जगात कुठलं पोरगं आपलं चुकल्यालं गणित आपणहून बापाला दावतंय? मी तर माझी पाटी शर्टात लपवून आणायचो! तर गणित काय, घरात जे काम चालतं त्यावर आपलंआपण गणित तयार करा, असं मॅडमनी सांगितल्यालं. हिनं काय केलं, दोनशे ग्रॅम चांदी, कस साठ, म्हंजे बाकी तांबं, तो कस पंचाहत्तर करायचाय, तर शुद्ध चांदी किती घालायची? मी बसल्या जागी म्हटलं, एकशेवीस ग्रॅम. वीस वर्सं करतोय, झोपंत सांगीन. पोरगी म्हणती, "व्हय, पण का एकशेवीस?"

का म्हंजे? वडिलांनी सांगितलं, मी घातलं, पैंजण झालं, गिऱ्हाईक गेलं. का, हे मला कुणी विचारलं न्हाय, आणि मीबी कुणाला विचारलं न्हाय. मी सुष्मिताकडं बगितलं, सुष्मितानं छताकडं बगितलं.

मग पोरीनं फळ्यावर काढून सांगितलं. पयल्यांदा तिनं तीस लिवल्यालं. पंधरा वाढवायचं, शंभराला पंधरा, दोनशेला तीस, संपलं. चुकलं. कारण वरनं चांदी घातली की एकूण वजनबी वाढतंय, ते ती विसरली हुती. दोनदा चुकली. मग तिला सुचलं, चांदी बगायचीच न्हाय, तांबं बगायचं, कारण तांबं तेवढंच राहतंय. ऐंशी ग्रॅम तांबं आधी, ऐंशीच नंतर. आधी ते शंभरात चाळीस हुतं, आता पंचवीस पायजे, म्हंजे सगळं मिळून तीनशेवीस, म्हंजे घातली एकशेवीस. मग वर्गातल्या सगळ्या पोरांनाबी तिनं समजावल्यालं. पावणं, माझ्याच मुशीतली गोष्ट माझ्याच पोरीनं मला आज दावली! मी म्हटलं, अवो मॅडम, मग हिला गणितात 'बी' का? तर मॅडम म्हणत्यात, मी रोप लिहीत होते, तीच नको म्हणाली, पहिल्याच फटक्यात जमलं की लिहा म्हणाली, हा टप्पा तिनं स्वतः लिहिलाय. म्हंजे बगा, आमच्या धंद्यात माल स्वतःचा कस कमी सांगतोय, असं कधी बगितलंय का कुणी!

आणि मला वाटलं, झालं, सुटलो. तर पोरीनं वहीतनं माझा कागद काढला. शिक्क्यासकट.

"अप्पा, तुमी कस चौसष्ट लिवलाय. मग उरल्यालं छत्तीस काय हाय माझ्यात?"

चेष्टा न्हवती ती. खरंच विचारत हुती. आता चांदीत उरल्यालं काय असतंय, मी डोळं झाकून सांगतो. पण समोर पोरगी हुती, डोळं भरल्यालं. लाज वाटली पावणं, लई लाज वाटली. पाचवीत, आधीच्या शाळेत, हिला गणितात अकरा मार्क पडल्यालं, तवा मी सगळ्या पावण्यांसमोर अकरा, अकरा म्हणून हसलोतो. हितं आल्यावरबी वरीसभर पोरगी वर्गात तोंड उघडत न्हवती, हे मला त्या दिवशी मॅडमनी सांगितलं. आणि तिला ह्या शाळेत दीड वरीस लागलं परत प्रश्न विचारायला. ते कार्डावर झाड लिवलंय न्हवं, ते त्याचं.

मी कसंबसं म्हटलं, "बाळ, निव्वळ चांदीचं पैंजण टिकत न्हाय. मऊ असतंय, वाकतंय. मिसळ लागतीच."

पोरगी म्हटली, मग शेरा खोडा. खोडला. तिथंच, बाकावर गुडघं मुडपून, खोडला. मग दोघांनी मिळून तो कागद परत भरला. कशात रमती, तर तार ओढताना बाजूला बसून ती किती लांब होती हे मोजण्यात. हे माझ्या घरात, माझ्या शेजारी बसून चालल्यालं! आणि कशाला घाबरती? पोरगी हळूच म्हटली, त्या अकॅडमीला. हितं चुकलं की मॅडम विचारत्यात कसं चुकलं, तिथं चुकलं की नाव खाली जातंय. सुष्मितानं माझ्याकडं एकदाच बगितलं. त्या बगण्यात सगळा निकाल हुता. मी म्हटलं, न्हाय पाठवत. रक्षिता म्हटली, लिहून द्या. दिलं, आणि ह्या खेपेला शिक्का तिनंच मागितला, मी म्हटलं तो दुकानात राहिला.

निघताना दारात मी मॅडमना हळूच म्हटलं, ते सगळं ठीक हाय, पण आपल्या दोघांत, अंदाजे... मार्क किती, तेवढं सांगा की? काय करणार, खोड ती खोड. मॅडम एवढ्या हसल्या, की शेजारच्या वर्गातली पोरं डोकावली.

आणि सोमवारी अकॅडमीतनं फोन. साहेब, तुमी सीट धरून ठेवा म्हणालता, मुलीचं मार्क किती? म्हटलं, पाठवायची न्हाय मला, पण विचारलंयसा तर ऐका. आणि मी जो सुटलो! म्हटलं, तांब्याकडनं गणित सोडवती. दोनदा चुकली तर तिसऱ्यांदा बसती. स्वतःचा टप्पा कमी लिवती. बापाला खोडायला लावती. सगळ्या वर्गाला समजावती... तो माणूस मधीच म्हणतोय, साहेब, साहेब, एका आकड्यात सांगा. मी परत सुरवातीपासनं सांगितलं, तो परत म्हणाला एका आकड्यात सांगा. आता एका आकड्यात बसत न्हाय पोरगी माझी, त्याला मी तरी काय करू?