वरपक्षाचा मान

आमचा क्लब पुन्हा कसा उठला म्हणता? लग्नपत्रिकेनं उठवला भाऊ, खोटं नाही सांगत.

वरूडच्या आमच्या फुटबॉल क्लबात तवा खेळणारा एकही उरला नव्हता, अन् पदाधिकारी मात्र अकरा. मी सचिव. पद कोणीच सोडत नव्हतं, कावून का लग्नपत्रिकेत नावाखाली छापाले कामी येते. अध्यक्ष वकीलसाहेबांनी पोरीच्या पत्रिकेत ते ठसठशीत छापलं.

पत्रिका पाहून परतवाड्याहून नवरदेवाच्या बापाचा फोन आला. "व्याहीबुवा, आमीबी फुटबॉलवाले! आदल्या दिवशीच येतो टीम घेऊन. एक मॅच होऊन जाऊ द्या."

वकीलसाहेबाले घाम फुटला. मले म्हणाले, "अकरा पोरं आण."

"पोरं मोबाइलवर क्रिकेट खेळून राहिले, साहेब. अकरा तर आपणच आहो."

उतरलो मंग पोटं सावरत. खजिनदारानं किक मारली तर बॉल जागेवरच, बूट गोलात. नऊ गोल खाल्ले. गाव हसून हसून लोळलं. वकीलसाहेबांनी माइक हिसकला, "मंडळी, आमी हरलो नाही! वरपक्षाचा मान ठेवला!"

गावच्या पोराइले मात्र ते झोंबलं. लग्न उरकताच मैदानावर रोज सकाळी तीस-तीस पोरं घाम गाळाले लागली.

आता वकीलसाहेब पोरासाठी स्थळं पाहून राहिले, म्हणजे या खेपी वरपक्ष आमी. पोरीचं शिक्षण इचारत नाहीत, बापाची शेती इचारत नाहीत. पहिला सवाल एकच, "तुमच्या गावात फुटबॉल क्लब आहे काय?"