कॅसेटवरचं पहिलं गाणं

आज रविवार, मामांची शोकसभा. बँडमधले सगळे सहकारी, गल्लीतली मंडळी, आणि समोर बसलेल्या मामी. दोन वर्षं मी इथे आलो नाही. दोनदा घनसावंगीच्या बसस्टँडपर्यंत आलो आणि तिथूनच जालन्याला परत फिरलो. त्याची आधी माफी मागतो. का फिरलो, तेच सांगायला उभा आहे. मला भीती वाटते आहे.

पंडितमामा गुरुवारी गेले. नात्याने ते माझे कोणी नव्हते. वर्षभर ते सळयांच्या कारखान्यात राबायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये गायचे. तुम्ही सगळे त्यांच्या आवाजावर नाचला आहात. मला नाचता येत नव्हतं. मी वरातीच्या कडेने, भिंतीला धरून, ऐकत चालायचो. मामांनी ते पाहिलं होतं. म्हणाले, "समदे नाचून राह्यलेत. ऐकनारा तू एकलाच हायेस, सुधाकर."

मंडळी, मला तेव्हा मोठमोठ्या गायकांची चरित्रं पाठ होती. कोणाला पहिल्यांदा कोणी नाकारलं, कोण उपाशी झोपलं, सगळं वहीत उतरवलेलं. मी ते मामांना वाचून दाखवायचो. एकदा त्यांनी मला मध्येच थांबवलं. "मुंबईच्या गायकाच्या आत्याचं नाव तुला म्हाईत. माझ्या आईचं सांग बरं." मला सांगता आलं नाही. शेजारी बब्बूभाई क्लॅरनेट पुसत बसले होते. ते म्हणाले, "अरे, इसका नाव पंडित हाय आन सरगम लिहिता येत न्हाई. याचं चरित्र कोन लिहिनार?" आम्ही तिघंही हसलो. मीही हसलो.

मामांनी स्वतःची गाणी आयुष्यात एकदाच भरली. शहागडला एक कॅसेट भरून देणारं दुकान होतं. बब्बूभाई, तुम्हीच सोबत गेल्ता. सहा गाणी. तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. एकच कॅसेट. पहिलं गाणं मामांनी मनाने जुळवलेलं होतं, मामींसाठी. ते त्यांनी वरातीत कधी गायलं नाही. घरातही नाही. "लाज वाटती," म्हणायचे.

ती कॅसेट त्यांनी माझ्याकडे दिली. "माझ्या घरी पोरं फीत काढून पतंगाला बांधतेल. तुझ्याजवळ नीट राहील." कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन कान असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. मामांनी माझ्यासमोर स्क्रूड्रायव्हरने दोन्ही कान मोडले. "आता बिलकुल भ्याव न्हाई."

भ्याव होतं. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की कॅसेटवर पुन्हा भरता येतं. आमच्या कॉलेजातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

मी चिकटपट्टी लावली, मामी.

एका दुपारी रेडिओवर फर्माइशींचा कार्यक्रम होता. माझी आवडती गाणी लागणार होती आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. पहिल्या बाजूला शेवटी थोडी जागा रिकामी आहे, तिथे एखादं भरू, एवढंच मनात होतं. फीत सुरुवातीला गुंडाळलेली आहे हे मला दिसलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं आहे की मी पाहायला थांबलो नाही. गाणं सुरू होत होतं. एकाची चार झाली. संध्याकाळी ऐकायला लावली. चौथं गाणं संपलं आणि मामांचा आवाज आला, दुसऱ्या गाण्याच्या अर्ध्या ओळीतून. मी बटण दाबलं. त्यानंतर ती कॅसेट मी कधी लावली नाही. मी रोज वही लिहितो. त्या दिवसाचं पान कोरं आहे.

पुढे दरवर्षी मामा विचारायचे, "हाय ना नीट?" मी म्हणायचो, "हाय मामा." किती सोपे शब्द आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मी दवाखान्यात गेलो. त्यांनी पाटीवर लिहिलं, "कॅसेट आन." मी म्हणालो, "शोधतो." शोधायचं काय होतं? ती माझ्या कपाटात होती, कुठल्या खणात तेही मला ठाऊक होतं. तेव्हापासून मी आलो नाही. ज्या माणसाचा आवाज गेला होता, त्याला मी उत्तर दिलं नाही. ऐकणारा मी एकटाच होतो ना?

परवा मामींचा फोन आला. "सुधाकर, कॅसेट घेऊन ये. नातीनं आजोबाचं गानं ऐकलंच न्हाई. आन मला पहिलं गानं ऐकायचंय. एकदाच ऐकलं होतं, कॅसेट भरून आनली त्या दिशी." एवढंच बोलल्या. आज मी आलो तर या टेबलावर टेपरेकॉर्डर मांडलेला. बब्बूभाई म्हणाले, "मशीन बराबर हाय. सकाळीच बघितली." कॅसेट तेव्हापासून माझ्या खिशातच आहे.

मामी, पहिलं गाणं नाही. ते मी पुसलं. दुसरं अर्धं आहे, तिसरं असावं. दुसरी बाजू मी हात न लावता ठेवली आहे, पण फीत जुनी झाली आहे, तुटेल की वाजेल ते मी सांगू शकत नाही. मी "नीट आहे" हे पुन्हा कधी म्हणणार नाही. ही कॅसेट तुमच्या पुढ्यात ठेवतो. चिकटपट्टी काल काढली. बब्बूभाई, मामी म्हणेपर्यंत मशीन चालू करू नका. त्या आज नाही म्हणाल्या, तर आज नाही.

त्या गाण्यासाठी मला माफ करा असं मी चार लोकांत म्हणत नाही. चार लोकांत मागितलं की मामींना नाही म्हणता येणार नाही.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नये, वाजवू नये. मामांसाठी बँडच्या वाद्यांनीही गप्प राहावं.

वहीत उद्याच्या पानावर मी एकच काम लिहून आलो आहे: सकाळी मामींच्या घरी जाणे, आणि दार उघडलं, तर मामांच्या आईचं नाव विचारणे.