ताण

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या.

"भाऊ, नातवाची गोधडी चौकटीवर लावून मशीनवर शिवतोय, पण मध्येच टाके सुटतात. आमची सूनबाई मशीन फार पळवते."

"आई, मी हळूच चालवते."

"सुई बदलून बघितलीत?"

"दोनदा बदलली, भाऊ."

"मग गोधडी चौकटीवर ताणतं कोण?"

"मी! टिचकी मारली की ढोलासारखी वाजते."

"तिथंच घोळ आहे, मावशी. कापड इतकं ताणलं की सुई वाकते आणि टाका सुटतो. मशीन ठणठणीत आहे. तुम्ही जरा ढील द्या."

"ऐकलंत ना आई? जरा ढील द्या."

"ते गोधडीबद्दल बोलतायत."

"मीही गोधडीबद्दलच बोलतेय. आता वन्संना फोन करा. त्यांच्या बाळाची गोधडी मी बिघडवली, असं कालच सांगितलंत ना?"

"करते की. मशीन बिघडलं होतं, असं सांगते."

"मावशी, मशीन ठणठणीत आहे म्हटलं ना."

"तुम्ही गप्प बसा हो! उगाच आमच्या घरात ताण वाढवू नका."