दुकानात सुखतळे मागताना

त्रेसष्ट सालची गोष्ट. भारतातून इस्रायलला नुकताच आलो होतो. डिमोना गावच्या कारखान्यात माझं दिवसभर उभं काम, आणि बूट दगडासारखे. तळपाय इतके दुखायचे, की लंगडत घरी यायचो; नोकरी सोडायच्या बेतात होतो. हिब्रूत तळपायाला ‘काफ’ म्हणतात, एवढंच मला ठाऊक. बुटात आतून घालायला सुखतळे हवे होते. दुकानात बुटाकडे बोट दाखवून म्हटलं, "काफ!"

दुकानदारानं बूट चढवायची पट्टी दिली. तिलाही काफच म्हणतात! मी नको म्हटलं, तर त्यानं आणखी लांब पट्टी आणली. शेवटी बूट काढून पायच दाखवला. तेव्हा हसत त्यानं सुखतळे काढले.

बरोबर आलेली बायको म्हणाली, "मऊ घ्या."

उभा राहून पाहिलं, तर मऊ लगेच दबले. मधे उंचवटा असलेल्या कडक सुखतळ्यांनी पाय तोलून धरला. तेच घेतले. हळूहळू लंगडणं थांबलं.

बायको खूश. म्हणाली, "अहो, तुमचे पाय दुखतात म्हणून इतके दिवस मीच जिने चढत होते. मग आता खालून घासलेट तुम्हीच आणा."