मध्यंतरातली ओटी

आमच्या मोताळ्यात त्या मोठ्या नटीचं नाटक आलं, तवाची गोष्ट. माइक माह्याकडं होता. मध्यंतरात माही आत्या पिशवी घेऊन थेट रंगपटात घुसली, तिची ओटी भराले. मी मागं धावलो.

नटी मागं सरकली. "अहो, हे कुंकू नाटकातलं. माझे यजमान गेले तीन वर्षांपूर्वी."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र शांत.

"मालूम हाय, पेपरात वाचलं. माह्या नवऱ्याले जाऊन वीस वर्सं झाले. तवापासून माहीबी कोणी भरली नाही. तुमची मी भरतो, माही तुमी भरा."

अन् तिनं पिशवीतून दुसरा नारळ काढला.

बाहेर लोक शिट्ट्या मारून राह्यले होते. मी माइकवर सांगतलं, "तांत्रिक अडचण हाय, पाच मिनिटं थांबा."