काठोकाठ भरलेली डबी

सेफ्टीचं नाव माह्यासमोर काढू नका राजेहो. अकोल्यातल्या एका कारखान्यासाठी मी शेगडीले लावाची गॅसची छोटी डबी डिझाइन केली. आतमंदी गॅस पाण्यावानी पातळ असते, उन्हानं फुगते, म्हणून वर थोडी जागा रिकामी ठेवली.

मालकानं डबी कानापाशी हलवली. "हे तं डुबडुब वाजते! गिऱ्हाईकाले वाटन अर्धीच भरली. काठोकाठ भर."

"साहेब, आपल्या मे महिन्यात फुटन ना!"

"काही नाही होत बे."

मी नाही म्हटलं तं दुसऱ्याकून डब्या काठोकाठ भरून घेतल्या. मंग मलेच म्हणे, "हे डब्यायचं खोकं एसटीनं दर्यापूरच्या दुकानात नेऊन दे."

"तुमीच तं कारनं तिकडे चालले, साहेब."

"येडा हायेस काय? माही कार दिवसभर उन्हात उभी रायते!"