समोरच्या पंचाची शिट्टी

जमलेल्या समस्त गावकऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि बाहेरगावाहून आलेल्या माझ्या पंच भावांनो,

मला भाषण येत नाही. कोहमाऱ्याच्या चौकात माझं टायरचं दुकान आहे, आणि तिथं बोलायचं म्हणजे ट्रकवाल्याशी ओरडून बोलायचं. इथं ओरडता येत नाही. यादोभाऊंच्या घरच्या, कमलावहिनी, समोर बसल्या आहेत, त्यांच्याकडं पाहून बोलणं जमणार नाही. म्हणून मी तुमच्याकडं पाहूनच बोलीन. काही चुकलं तर माफ करा. आणि काही लागलं मनाला, तर त्याची माफी मी मागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

यादोभाऊ गेले. सोमवारी सकाळी धान कापायला बांधीत उतरले, शेताच्या धुऱ्यावर पाणी प्यायला बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल बाबा. मी डॉक्टर नाही. पण मागचं सव्वा वर्ष त्या हृदयावर काय बसलं होतं ते मला माहीत आहे, आणि इथं बसलेल्या आणखी पाच जणांना माहीत आहे. खाली पाहू नका रे. मीही त्यातलाच आहे.

ज्यांना कबड्डीचं फार कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानाच्या मधल्या रेषेच्या दोन टोकांना दोन पंच उभे असतात, समोरासमोर. चढाईवाला माझ्याकडं पाठ करून पडला, तर पकडणाऱ्यांचे हात मला दिसत नाहीत. फक्त पाठी दिसतात. ते हात समोरच्या पंचाला दिसतात. म्हणून त्या बाजूची शिट्टी त्याची. आपण दुसऱ्याच्या बाजूला शिट्टी मारत नाही, हा आपल्याकडचा रिवाज. मारली तर त्याला आंधळा म्हटल्यासारखं होतं. यादोभाऊंनीच आम्हाला शिकवलं होतं, "समोरच्यावर भरोसा ठेवायचा गा, नाही तर उभंच नाही राहायचं."

सव्वा वर्षामागं आपल्याच गावच्या मैदानावर केशोरीचा सुखदेव चढाईला गेला. सुखदेवची आई इथं आली आहे. माय, तुमच्यासमोर हे बोलतो, माफ करा. या बाजूला यादोभाऊ होते, त्या बाजूला समोरचा पंच. यजमान संघाच्या पाच जणांची साखळी सुखदेववर पडली आणि सुखदेव त्या पंचाच्या बाजूला तोंड करून खाली गेला. यादोभाऊंना पाच पाठी दिसल्या. पण ऐकू आलं. दम संपतो ना, तेव्हा 'कबड्डी कबड्डी' हळूहळू बारीक होत जाते. सुखदेवची मधेच तुटली, कोणी मान आवळल्यासारखी. यादोभाऊ मला म्हणाले होते, "मी वाट पाहिली गा. एक... दोन... त्याची शिट्टी आता येईल म्हणून. माही शिट्टी दातातच होती."

ती शिट्टी आली नाही. शेवटी यादोभाऊंनी मारली, रिवाज मोडून मारली, तोवर मानेतून आवाज आला होता. सुखदेव आज घरी पडून आहे. भाताचा घासही त्याला हातात धरता येत नाही.

समोरच्या पंचाला विचारलं, तर तो म्हणाला, "दिखा नहीं भैया. खेल है, होता है." तीन हात अंतरावर उभा होता तो! यजमान संघ कोणाचा होता, तो कोणाच्या गाडीतून आला होता, कोणाच्या घरी जेवला होता, हे साऱ्या गावानं पाहिलं. मी त्याचं नाव घेणार नाही. घ्यायची गरजही नाही, तो आलाच आहे. हार घेऊन आला. बसा भैया, उठू नका. तुमच्यासाठीच बोलून राहिलो.

त्यानंतर एक दिवस यादोभाऊंनी आम्हाला बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर, बोलावलं. आम्ही सात जण होतो. ते म्हणाले, "याच्यासंग कोणीच उभं राहायचं नाही. सात जणांनी शिट्ट्या ठेवल्या, तर तो कोणासंग उभा राहील?" आम्ही सगळे हो म्हणालो. मी तर सगळ्यात आधी, सगळ्यात जोरात म्हणालो. पाळीची माती उचलून कपाळाला लावली, असा माझा थाट!

आपल्या पंचांत एक जुनी चाल आहे. स्पर्धेच्या सकाळी टेबलाभोवती बसून जोड्या वाचतात. ज्याला ती जोडी नको, तो काही न बोलता आपली शिट्टी टेबलावर ठेवतो. कोणी कारण विचारत नाही. समिती जोडी बदलते, तो शिट्टी उचलतो, झालं. आजोबाच्या काळापासून असं चालत आलं आहे, आणि त्यात कोणाची इज्जत जात नाही.

पुढच्या स्पर्धेच्या सकाळी जोड्या वाचल्या. यादोभाऊ आणि तो. यादोभाऊंनी शिट्टी ठेवली. लाकडावर टक् आवाज झाला. त्यांच्या बाजूला मी बसलो होतो. आता माझी पाळी. समितीचा माणूस माझ्याकडं पाहून हसला. माझा राज्य पंच परीक्षेचा अर्ज त्याच्याच सहीसाठी त्याच्याकडं पडून होता. शिट्टी माझ्या हातात होती हो, हातात! आणि मी काय केलं? खिशातून रुमाल काढला आणि शिट्टी पुसायला लागलो. जणू काही धूळच बसली होती. पुसली, पुसली, आणि परत खिशात टाकली. माझ्यानंतर पाच जण होते. मी ठेवली नाही, म्हणून त्यांचे हात उठले नाहीत. दोष त्यांचा नाही, त्यांनी मोठ्याकडं पाहिलं, आणि मोठा मी होतो.

जोडी बदलली नाही. यादोभाऊंचं नावच यादीतून काढलं. यादोभाऊ उठले, दारात माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "शिट्टी चकचकीत झाली का गा?"

बस, एवढंच. त्यानंतर कधी टोमणा नाही, कधी अबोला नाही. ट्रॅक्टरचं चाक घेऊन दुकानात यायचे, चहा प्यायचे, धानाचं बोलायचे. मी परीक्षा पास झालो तेव्हा पेढा खाल्ला त्यांनी माझ्या हातचा. मला वाटायचं, शिवी द्या हो एकदा. नाही दिली.

पण प्रत्येक सामन्याला ते यायचे. तुम्ही पाहिलंच आहे. दोरीच्या बाहेर, बरोबर त्या पंचाच्या पाठीमागं उभे राहायचे. शिट्टी नव्हती. मानेवर कोणाचा हात गेला की ओरडायचे, "सोड! मान सोड!" पोरं हसायची, म्हातारा येडा झाला म्हणायची. मीही हसलो आहे एकदा. पण हात निघायचा! सव्वा वर्षात आपल्या मैदानावर दुसरी मान गेली नाही, ती कोणामुळं? आमच्यामुळं? आम्ही तर मैदानाच्या आत असून शिट्ट्या पुसून राहिलो होतो.

आता या रविवारी काय आहे ते ऐका. मी येताना पाहून आलो, मैदानावर रेषांचा चुना पडून राहिला आहे. मंडप लागला. समितीनं स्पर्धेला यादोभाऊंचंच नाव दिलं, मोठा फलक आहे, फोटो आहे, फोटोत ते हसून राहिले. पहिला सामना तेच दोन संघ. साखळी तीच. केशोरीकडून चढाईला सुखदेवचा लहान भाऊ गजानन. आणि पंचांची जोडी, टेबलावर वाचायच्या आधीच, काल मला फोनवर सांगितली. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला तो.

आणि दोरीच्या बाहेर, त्याच्या पाठीमागं, ती जागा रिकामी राहणार आहे. मला चार दिवसांपासून झोप नाही. आणि कालच्या फोनपासून सारखं वाटतं, गजानन त्या बाजूला तोंड करून पडेल. मला पाच पाठी दिसतील. आणि मी वाट पाहीन. एक... दोन...

यादोभाऊंची शिट्टी जोडी बदलल्यावरच उचलायची होती. ती बदलली नाही, म्हणून त्यांनी ती कधी परत घेतली नाही. समितीच्या कपाटात पडून होती. आज समितीनं ती इथं फोटोसमोर, या टेबलावर ठेवली आहे, तिला हार घातला आहे. हार कायले घातला रे? ती अजून खाली ठेवलेलीच आहे. तिचा जवाब अजून कोणी दिला नाही.

यादोभाऊ, लई उशीर केला मी. तुम्ही असताना करायचं होतं. ही पाहा, माझी शिट्टी तुमच्या शिट्टीच्या बाजूला ठेवतो. रुमाल घरी ठेवून आलो आहे.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं मागत नाही. एका चढाईला तीस सेकंद मिळतात, तेवढेच मागतो. डोळे मिटा. मधे टेबलावर टक् आवाज आला, तर डोळे उघडू नका, कोण म्हणून पाहू नका. आपल्यात कारण विचारत नाहीत. मी फक्त मोजीन. पाच यायला पाहिजेत.

आणि पाच नाही आले, तर गजानन, बाबू, रविवारी तू घरीच राह्य. भावाजवळ बस.

यादोभाऊ, नमस्कार घ्या.